चौकडीच्या वहीतला शर्ट

कागदाच्या बाहुलीचा ड्रेस अंगावर टिकतो तो फक्त कानांवर. खांद्यापाशी दोन, कमरेपाशी दोन, असे छोटे छोटे चौकोनी कान ड्रेस कापताना ठेवायचे आणि बाहुलीच्या मागं दुमडायचे. एक कान फाटला की ड्रेस एका बाजूनं लोंबतो, दोन फाटले की संपलं, बाहुली भर मांडवात परकरावर. झालर वाकडी कापली गेली तरी चालायचं पण कान कापला गेला की पुन्हा पहिल्यापासून, आणि तरी दहातल्या चार वेळा तो कापला जायचाच, कारण घरात कैची एकच, तीही आईची, सुतळ्या कापून कापून बोथट झालेली.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्यापासून दहा-बारा किलोमीटर आत. दारव्ह्याला तेव्हा शकुंतला थांबायची, यवतमाळ ते मूर्तिजापूर, इंग्रजांच्या काळात इथला कापूस बाहेर न्यायला टाकलेली नॅरोगेज. नागपूरची आतेबहीण उन्हाळ्यात तिच्यातूनच यायची, मूर्तिजापूरपर्यंत मोठी गाडी आणि पुढं हट्टानं शकुंतला. १९९४ च्या मे महिन्यात ती आली तेव्हा तिच्या बॅगेत एक पुस्तक होतं, त्यात जाड कागदावर छापलेली एक गोरी, पिवळ्या केसांची बाई, पांढऱ्या बनियन-चड्डीत उभी, आणि पुढच्या पानांवर तिचे कपडे. गाऊन, टोप्या, पोहायचा ड्रेस, आणि एक कोट, लांब, गळ्याला आणि बाह्यांना जनावराचे केस लावलेला. बाहेर पंचेचाळीस डिग्री. आम्ही पोरी छपरीत ओल्या पोत्यावर बसून त्या बाईला केसाळ कोट घालतोय आणि घाम पुसतोय, असं ते चित्र आहे. कोणालाच त्यात काही विचित्र वाटलं नाही हे आता विचित्र वाटतं.

पुस्तक ती कोणाला हात लावू देत नव्हती. मग आम्ही तेल लावलेला कागद केला. वहीचं पान घ्यायचं, खोबरेल तेलाचं बोट सगळीकडून फिरवायचं, पान असं पारदर्शक होतं की खालचं सगळं दिसतं, मग वरून पेन्सिल. तिच्या पुस्तकाला तेलाचे डाग पडले त्यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं, पण तोवर आमच्याकडे बाईचा छाप आला होता. तो छाप बनियनच्या डब्याच्या पुठ्ठ्यावर उतरवला, बाभळीच्या डिंकानं वर पांढरा कागद चिकटवला, तोंड रंगवलं आणि झाली बाहुली.

पहिली अडचण आजीनं काढली. ती माळ ओढत बसली होती, तिनं पाहिलं आणि म्हणाली, "अवं, थे पोरगी अशी उघडी काऊन ठेवली? तिले आंधी काई तं घाल." आम्ही सांगितलं की आजी, कपडे बदलायचे असतात, म्हणून आत एवढंच असतं. आजीला ते पटलं नाही. बाई कपडे बदलतानासुद्धा परकर-पोलक्यात असते असं तिचं म्हणणं, आणि तिच्या आयुष्यात ते खरंच असणार. तर आमच्या गावच्या सगळ्या बाहुल्यांच्या अंगावर कायमचं निळं पोलकं आणि पांढरा परकर रंगवलेला असायचा. त्याचा एक त्रास व्हायचा, वरून फ्रॉक घातला की खालून परकर दिसायचा, म्हणून हळूहळू सगळ्या बाहुल्या साड्याच नेसायला लागल्या. अकरा वर्षांच्या पोरी, स्वतः फ्रॉकात, आणि बाहुल्या सगळ्या साडीत. फॅशन कुठून ठरते याचं एक उत्तर माझ्यापुरतं तरी हे आहे की ती आजीच्या नजरेतून ठरते.

याच आजीच्या देव्हाऱ्याच्या वर लक्ष्मीची एक जुनी तसबीर होती, कमळात उभी, आणि तिच्या छापील साडीवर खरी जर आणि खऱ्या टिकल्या चिकटवलेल्या. आजीनं नवी नवरी असताना ते काम केलं होतं, स्वतःच्या लुगड्याचा जुना काठ कापून. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या देवी घरोघर गेल्या, आणि बायकांनी काय केलं तर त्या कागदाच्या देवींना कापड, जर, टिकल्या लावून सजवलं. अशा सजवलेल्या तसबिरी आता संग्रहालयांत असतात. म्हणजे बाहुलीवरून मला बोलणारी आजी माझ्या आधी पन्नास वर्षं तोच खेळ खेळून बसली होती, फक्त तिच्या बाहुलीवर काच होती आणि समोर उदबत्ती.

कमरेचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे बायका पाहायला मिळायच्या त्या कॅलेंडरवर. कृषी केंद्रातून बियाण्यांच्या, फवारणीच्या औषधांच्या कंपन्यांची कॅलेंडरं यायची आणि त्यावर कपाशीचं बोंड एवढंसं आणि बाई एवढी मोठी, नटलेली, डोक्यावर घागर नाहीतर हातात कणीस. तिची कंबर मुठीत मावेल अशी. आपल्या बाहुलीची पण तशी पाहिजे म्हणून मी कैचीनं कंबर दोन्ही बाजूंनी थोडी थोडी छाटत गेले. इकडून कापली की तिकडून जाड वाटायची, तिकडून कापली की इकडून. शेवटी ती एवढी बारीक झाली की बाहुली उभी धरली की वरचं धड पुढं पडायचं, नमस्कार केल्यासारखं. मागून आगपेटीची काडी डिंकानं चिकटवून तिला उभी केली. पुढून कोणाला काही कळत नव्हतं.

त्याच महिन्यात सुष्मिता सेन मिस युनिव्हर्स झाली. पेपर गावात दुपारच्या एसटीनं यायचा, त्यातला तिचा मुकुटवाला फोटो ग्रामपंचायतीच्या पेपरमधून कोणीतरी कापून नेला आणि कोणी ते मी सांगणार नाही. नोव्हेंबरात ऐश्वर्या मिस वर्ल्ड झाली. त्यानंतर आमच्या बाहुल्यांच्या खांद्यावरून तिरपे पट्टे आले, लाल स्केचपेननं मिस इंडिया लिहिलेले. सुष्मितानं नंतर मुलाखतीत सांगितलेलं एक फार आवडतं मला, की मिस इंडियाचा तिचा गाऊन दिल्लीच्या सरोजिनी नगर मार्केटातलं कापड आणून घराजवळच्या साध्या शिंप्याकडून शिवून घेतला होता, आणि हातमोजे म्हणजे पायातले मोजे कापून केलेले. हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं असतं तर! आम्हाला वाटायचं तसे कपडे झाडाला लागल्यासारखे तयारच येतात कुठून तरी.

तसं शिवणं अगदीच माहीत नव्हतं असं नाही. गल्लीत शिलाईवाल्या काकू होत्या, त्यांच्याकडं चिंध्या मागायला जायचो आणि मशीनच्या पायाशी बसून राहायचो. त्यांच्याकडून कळलं की माणसांच्या शर्टाला डावी पट्टी वर येते आणि बायांच्या कपड्याला उजवी. त्यांच्याकडूनच माया हा शब्द कळला. ब्लाऊज शिवताना कापड मापापेक्षा थोडं जास्त आत सोडतात ती माया. पुढं अंग भरलं, बाळंतपण झालं, की शिवण उसवायची आणि माया सोडायची. काकू म्हणायच्या, नव्या नवरीच्या ब्लाऊजला दोन बोटं माया पाहिजेच. कागदाच्या ड्रेसला माया नसते, बाहुली कुठं जाड होणारे. ती एकदा जशी कापली तशीच राहते आणि ड्रेस तिच्या मापाचा असतो. हे बाहुलीबद्दल ठीक आहे. पण मी चोविसाव्या वर्षी, मुलगी झाल्यावर चार महिन्यांनी, लग्नातलं ब्लाऊज चढेना म्हणून रडले होते आणि उसवून माया सोडायचं डोक्यातच आलं नाही, ब्लाऊज चुकीचं आहे असं नाहीच वाटलं, मीच चुकीची कापली गेले असं वाटलं.

आता खेळ काय होता ते. ड्रेस घातला, पुढं काय? भुलाबाईच्या महिन्यात कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी सासर-माहेरची, नणंद-भावजयीची गाणी म्हणायचो, खिरापत ओळखायचो, तर बाहुल्यांना पण तेच. लग्न, नाहीतर पाहायचा कार्यक्रम. पाहायचा कार्यक्रम जास्त आवडता, कारण त्यात साड्या जास्त बदलता यायच्या. एकीची बाहुली पोह्यांचा ट्रे घेऊन उभी राहायची, बाकीच्या पोरी मुलाकडच्या. मी नेहमी मुलाची आई. मोठ्या बायांचं बोलणं ऐकून ऐकून पाठ होतं, नाव काय, शिक्षण काय, चालून दाखव. कागदाची बाहुली चालून दाखवायची म्हणजे तिला धरून जमिनीवर टक टक सरकवायची.

आमच्या वर्गातली एक मैत्रीण होती. नाव नाही लिहीत, तिची पोरं आता फेसबुकवर आहेत. तिच्याकडं वरून चिकटवायला पांढरा कागद नव्हता म्हणून तिची बाहुली नुसत्या पुठ्ठ्याची, खाकी. आमच्या सगळ्यांच्या बाहुल्या दुधासारख्या किंवा रंगपेटीतल्या त्या गुलाबी खडूच्या, ज्याला आम्ही स्किन कलर म्हणायचो, आणि त्या खडूसारखी स्किन गावात एकाही माणसाची नव्हती. तिची तेवढी आमच्या रंगाची. मी मुलाची आई म्हणून बसले आणि म्हणाले, पोरगी बरी आहे पण रंगानं जरा उजवी पाहिजे होती. सगळ्या हसल्या. ती पण हसली. नंतर कितीतरी वर्षांनी वाचलं की अमेरिकेत पन्नासच्या दशकात जॅकी ऑर्म्स नावाची काळी चित्रकार बाई पेपरात कॉमिक काढायची, त्यात टॉर्ची नावाची काळी नायिका होती आणि सोबत टॉर्चीची कापायची बाहुली आणि तिचे फॅशनेबल कपडे, म्हणजे काळ्या पोरींना आपल्यासारखी दिसणारी बाहुली पेपरातून कापायला मिळावी. वाचताना मला पुठ्ठ्याचा तो खाकी रंग आठवला आणि पोह्यांचा ट्रे आठवला.

तर त्या मे महिन्यातली ती दुपार. सगळ्या आपापल्या बाहुलीसाठी नवीन कपडे करून आणणार असं ठरलेलं. मी जिलेटिन पेपरची साडी केली होती, लाल, पलीकडचं दिसणारी. आतेबहिणीचा केसाळ कोट होताच. मैत्रीण आली आणि तिनं फ्रॉकच्या खिशातून काढला एक शर्ट. गणिताच्या चौकडीच्या वहीच्या पानाचा. निळ्या बारीक रेघांचे चौकोन असतात ना, ते तिनं एक सोडून एक निळ्या पेननं भरले होते, लांबून अगदी चेक्सचा शर्ट. फुल बाह्या, कॉलर, डाव्या बाजूला खिसा, खिशात बिडीच्या बंडलाचं टोक. आणि डावी पट्टी वर.

मी म्हणाले, "हा तं माणसाचा झाला व. बायांची उजवी पट्टी वर असते."

ती म्हणाली, "माणसाचाच आहे. माह्या बाबाचा आहे. माय घालते थो वेचाले जातानी."

"तुही बाहुली कापूस वेचाले जाणार?"

"मंग. लग्न झाल्यावर घरीच बसून राहील का?"

आम्ही एवढ्या हसलो की आजी काय झालं म्हणून बाहेर आली.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कपाशी फुटली की बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात, हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडून निघतात, वरून ऊन, पऱ्हाटीवर किडे, फवारलेल्या औषधाची खाज. म्हणून वेचणाऱ्या बाया साडीवरून नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना फुल शर्ट घालतात, डोक्याला दुपट्टा बांधतात आणि कमरेला कापडाची ओटी बांधतात, वेचलेला कापूस त्यात टाकायला. दसऱ्याच्या आसपास सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, करून वेचणी सुरू झाली की पुढं दोन-तीन महिने आमच्या भागातल्या निम्म्या बाया दिवसभर याच कपड्यात असतात. कॅलेंडर छापणाऱ्या कंपन्यांचं बी पेरलेलं असतं त्याच वावरात.

आणि माझी आई पण घालायची. आमचं आठ एकर होतं पण मजूर मिळाले नाहीत की ती जायचीच, बाबांचा पांढरा, बाहीला शाई सांडलेला शर्ट घालून. मला ते माहीत होतं, रोज बघत होते. तरी सगळ्यात मोठ्यानं मीच हसले.

तेवढ्यात लाइट आली. तेव्हा दुपारी चार-चार तास जायची, आणि गेली की पंख्याचं बटण बंद करायचं कोणाच्या लक्षात राहायचं नाही. स्टुलावरचा टेबल फॅन एकदम फुल सुरू झाला आणि छपरीतलं सगळं उडालं. माझी जिलेटिनची साडी अंगणात बंडीच्या चाकाला जाऊन चिकटली. केसाळ कोट हौदात. सगळ्या बाहुल्या जिकडंतिकडं, परकर-पोलक्यावर. तिची बाहुलीही उडाली, भिंतीवर आपटून पडली, पण शर्टासकट.

मी उचलून पाहिलं. त्या शर्टाला कानच नव्हते. तिनं कागद खांद्यावर दुमडून पुढचा आणि मागचा असे दोन भाग केले होते, मध्ये गळ्याला भोक, दोन्ही कडा भाताच्या शितांनी चिकटवलेल्या, डोक्यातून घालायचा. मागच्या भागावरसुद्धा चौकोन भरलेले, पाठीवर घामाचा मोठा गोल डाग काढलेला, आणि खांद्यावर एक ठिगळ. तिनं आईला मागून पाहिलेलं होतं ना, ओळीत पुढं चालताना.

त्या रात्री मी गुपचूप तसाच ड्रेस करून बघितला. खांद्यावर दुमडून, गळा कापून. पुढं गुलाबाची फुलं, पफ बाही, सगळं जमलं. मागची बाजू उलटवली आणि तिथं काय काढायचं तेच सुचेना. इतक्या बाया कापल्या होत्या कॅलेंडरातून, पेपरातून, एकीचीही पाठ पाहिली नव्हती. कोरीच ठेवली.

पुढं कॉलेजात गेल्यावर नाही, नोकरी लागल्यावर, इंटरनेट आल्यावर कधीतरी सहज शोधलं की ही कागदाची बाहुली आली कुठून. १८१० साली लंडनमध्ये एस. अँड जे. फुलर या दुकानानं फॅनी नावाच्या मुलीची गोष्ट काढली, कवितेत, आणि सोबत कापलेली चित्रं. डोकं एकच, ते वेगवेगळ्या कपड्यांतल्या धडांवर बसवायचं. गोष्ट अशी की फॅनीला नटायची फार हौस, आईचं न ऐकता भारी कपडे घालून बाहेर जाते, कपडे चोरीला जातात, फाटक्या कपड्यात भीक मागते, मग लोकांचं सामान पोचवायची कामं करते, आणि सुधारली की शेवटी साध्या फ्रॉकात, हातात पुस्तक घेऊन घरी परत. ते वाचून मी खुर्चीत मागं टेकले. कामाचा कपडा तिथंही शिक्षा म्हणूनच होता. डोकं तेच ठेवायचं, शिक्षा म्हणून खाली कष्टाचं धड लावायचं, आणि शहाणी झाली की काढून घ्यायचं. आमच्या छपरीत कोणी ही कविता वाचली नव्हती तरी आम्ही नेमक्या त्याच जागी हसलो होतो.

बार्बीसुद्धा कागदातूनच आली म्हणतात. रूथ हँडलरनं आपल्या मुलीला, बार्बराला, मोठ्या बायांच्या कागदी बाहुल्यांशी खेळताना पाहिलं आणि तिला वाटलं की अशी खरीखुरी, हातात धरता येईल अशी बाहुली का नाही. ९ मार्च १९५९ ला ती न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात आली. निदान तिला पाठ तरी मिळाली. माझ्या मुलीकडे होती एक, तिचे केस पहिल्याच आठवड्यात कापले गेले. मुलगी आता मोबाइलवर तसलाच खेळ खेळते, बोट लावलं की ड्रेस बदलतो, कान नाहीत, कैची नाही, फाटायची भीती नाही. मी एकदा विचारलं हिला मागून दाखव. ती म्हणाली, आई, फिरत नाही ती.

मागच्या दिवाळीत गावाला गेलो होतो. भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी वावरात गेलो, कापूस मस्त फुटलेला, पांढरंफट्ट. मी खास नवीन कुर्ती घातली होती, मोरपंखी, पांढऱ्यावर उठून दिसेल म्हणून, खोटं कशाला बोलू. मुलीनं सात-आठ फोटो काढले. भावजय आणि तीन बाया तोवर अर्ध्या ओळीत पोचल्या होत्या, मला त्यांच्या पाठीच दिसत होत्या, भावाचा जांभळा शर्ट, कोणाचा तरी शाळेचा पांढरा, एक चेक्सचा. मला लाज वाटली म्हणा की हौस आली म्हणा, मी म्हटलं मी पण वेचते. दहा मिनिटांत मनगटावर रेघा उमटल्या.

भावजयीनं बांधावरची पिशवी उघडली आणि एक शर्ट माझ्याकडे फेकला. "घाला ताई, नाहीतर रात्रभर खाजवत बसान."

भावाचाच, जुना, कॉलर उसवलेली. कुर्तीवरून चढवला. चांगला ढगळ होता, दोन्ही बाजूंनी माया सोडल्यासारखा. फक्त बटणं लागेनात पटकन, सवयीनं मी उजवी पट्टी वर घेत होते.